एसटीपीचा गाळ जातो कुठे? नाशिककरांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न मागवले होते सांडपाण्यावर, आले जवळपास सगळे गाळावर, आणि मला त्याचा आनंदच झाला. २०२७ च्या सिंहस्थामुळे सध्या रामकुंड, गोदावरी, नवीन एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट) यावर जो तो बोलतोय, पण पाण्यातून काढलेली घाण पुढे कुठे जाते हे फारसं कोणी विचारत नाही. तर सुरू करू.

पाथर्डी फाट्याजवळ आमची दोनशे फ्लॅटची सोसायटी आहे. एसटीपीचं पाणी फ्लशला वापरतो, ते हल्ली गढूळ येतं आणि वास मारतं. ऑपरेटर म्हणतो महागातलं कल्चर (विकतचे जिवाणू) टाका. टाकू का?

थांबा, पैसे खिशातच राहू द्या. आधी एक टेस्ट करा, तिला फुटकी कवडी लागत नाही. ब्लोअर चालू असताना एरेशन टँकमधलं (जिथे हवा सोडतात त्या टाकीतलं) पाणी एक लिटरच्या सिलेंडरमध्ये घ्या, सावलीत ठेवा आणि अर्धा तास हात लावू नका. तपकिरी गाळ खाली बसून वर नितळ पाणी दिसायला पाहिजे. गाळ ३००-४०० मिलीच्या रेषेपर्यंत उतरला तर ठीक, ८००-९०० लाच अडकला तर गडबड आहे. मग दुसऱ्यांदा सिलेंडर भरा, अर्धं टँकचं पाणी आणि अर्धं निवळलेलं. आता गाळ झपकन खाली बसला तर टँकमध्ये गाळ जास्त झालाय, एवढंच. तरीही लोंबकळत राहिला तर धाग्यासारखे जिवाणू माजलेत, हवा कमी पडतेय किंवा किचनचं तेल जास्त येतंय, तो वेगळा आजार.

बहुतेक सोसायट्यांत पहिलाच प्रकार निघतो, कारण फिल्टर प्रेस (गाळ कापडात दाबून पाणी काढणारं यंत्र) चालवायचा कंटाळा. फ्लॅटमागे पाच माणसं आणि माणशी १३५ लिटर धरलं तर तुमच्याकडे दिवसाला सव्वा लाख लिटरच्या वर सांडपाणी येतं आणि त्यातून ढोबळमानाने रोज २० ते २५ किलो कोरडा गाळ तयार होतो. तो काढला नाही तर टँकमध्ये साठतो आणि मग सेटलरवरून (गाळ खाली बसवायच्या टाकीवरून) उडी मारून थेट तुमच्या फ्लशमध्ये. अशात वरून कल्चर टाकणं म्हणजे आधीच खच्चून भरलेल्या सीबीएसच्या बसमध्ये अजून पॅसेंजर कोंबणं.

आता गंमत बघा, हा २० किलो गाळ टँकमधून निघतो तेव्हा त्यात ९९ टक्के पाणी असतं, म्हणजे २००० लिटर. प्रेसमधून दाबून त्यात ८० टक्के पाणी उरलं की वजन होतं फक्त १०० किलो. वीसपट कमी! गाळाचा सगळा धंदा मुळात पाणी काढायचा धंदा आहे, बाकी सगळं नंतर. प्रेसच्या प्लेटा उघडल्यावर केक, म्हणजे दाबलेल्या गाळाची वडी, कापडावरून एका तुकड्यात सुटून पडायला हवा. शेणासारखा चिकटून राहिला, खरवडायला लागला तर पॉलीचा (गाळाचे कण एकत्र बांधणाऱ्या रसायनाचा) डोस चुकलाय किंवा कापड धुतलेलं नाही. पॉली लिटरला एक ग्रॅम या हिशोबाने, हलतं पाणी असताना चिमटी-चिमटीने भुरभुरत घालायची. ऑपरेटर अख्खी वाटी एकदम ओततो, मग गुठळ्या होतात आणि ती पॉली फुकट जाते. शिवाय आज कालवलेली आजच संपवायची.

आणि तो केक लॉनवर तसाच पसरू नका, मुलं खेळतात तिथे. वाळलेला पालापाचोळा मिसळून कंपोस्ट करा, कसं ते खाली सांगितलंय.

निफाड तालुक्यात माझी चार एकर द्राक्षबाग आणि दोन एकर कांदा आहे. एक ट्रॅक्टरवाला एसटीपीचा वाळलेला गाळ शेणखताच्या निम्म्या भावात देतो म्हणतो. घ्यावा का?

दादा, माल एक्सपोर्टला जात असेल तर विषय इथेच संपला. ग्लोबल गॅपमध्ये (एक्सपोर्टसाठी लागणारं शेतीचं सर्टिफिकेट) मैल्याचा गाळ शेतात वापरायला सरळ बंदी आहे, प्रक्रिया केलेला असो नाहीतर नसो. ऑडिटमध्ये सापडलं तर सर्टिफिकेट जाईल, स्वस्तातलं खत कितीला पडलं ते मग मोजत बसा.

कांद्याचं कारण वेगळं. कांदा मातीत वाढतो आणि आपण तो कच्चा खातो. गाळ उन्हात वाळला, काळा पडला, वास गेला म्हणजे निर्धोक झाला असं नसतं, जंतांची अंडी मातीत महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं जिवंत राहतात. अमेरिकेत १९९३ पासून याचे नियम आहेत. तिथे अर्धवट प्रक्रिया केलेला, म्हणजे बी क्लासचा गाळ मातीत मिसळला असेल तर जमिनीखाली वाढणारं पीक २० ते ३८ महिने काढता येत नाही. आपल्याकडे लोक गाळ टाकून पुढच्याच महिन्यात रोपं लावतात.

गाळ वाईटच असतो असं मी म्हणत नाहीये हं. त्यात नत्र आणि स्फुरद चांगलं असतं, पालाश मात्र फार कमी, कारण तो पाण्यात विरघळून निघून जातो. म्हणजे द्राक्षाला मणी भरताना जे लागतं नेमकं तेच त्यात नाही. माल एक्सपोर्टला जात नसेल तर बांधावरच्या झाडांना किंवा बांबूला कंपोस्ट केलेला गाळ चालेल, पण दोन अटी. एक, कंपोस्ट खरंच तापलेलं हवं. ढिगाच्या आत ५५ अंशांच्या वर तापमान १५ दिवस, आणि तेवढ्या काळात पाच वेळा उलटापालट, म्हणजे बाहेरचा थर पण आत जाऊन शेकला पाहिजे. नुसता गाळ तापत नाही कारण तो ओला आणि घट्ट असतो, आत हवा खेळत नाही, म्हणून भाताचं तूस, लाकडाचा भुसा किंवा उसाचं पाचट मिसळावं लागतं. दुसरी अट, जड धातूंचा रिपोर्ट मागा. ट्रॅक्टरवाल्याकडे रिपोर्ट नसेल तर फुकट दिला तरी घेऊ नका.

अंबडला माझं छोटं प्लेटिंगचं (धातूचा मुलामा द्यायचं) युनिट आहे. आमचं पाणी ते कितीसं, शहराच्या ड्रेनेजमध्ये गेलं तर कुठे कळणारे?

पाण्यात नाही कळणार, गाळात कळेल. हिशोब करू. प्लेटिंगमध्ये वापरतात ते क्रोमियम शहराच्या सांडपाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आलं समजा, म्हणजे नावालाच. दहा लाख लिटरमध्ये ते झालं १०० ग्रॅम. तेवढ्या पाण्यातून कोरडा गाळ निघतो साधारण २०० किलो. त्यातलं निम्मं क्रोमियम जरी गाळात उतरलं तरी किलोमागे २५० मिलिग्रॅम होतं, आणि आपल्या खत नियंत्रण आदेशात कंपोस्टला क्रोमियमची मर्यादा आहे किलोला ५०! पाचपट जास्त, संपलं, तो गाळ खत म्हणून विकता येत नाही. कंपोस्ट करा, तापवा, काहीही करा, जंतू मरतात पण धातू कुठे जात नाही. चार-दोन युनिट अशी वागली की अख्ख्या प्लांटचा गाळ बाद होतो आणि तो पुरायचा किंवा जाळायचा खर्च घरपट्टी भरणाऱ्यांच्या डोक्यावर.

तुमच्याच युनिटमध्ये पीएच २-३ ला आणून मेटाबायसल्फाइट टाका, मग चुन्याने पीएच साडेआठ-नऊपर्यंत चढवा, क्रोम खाली बसतं. तो गाळ घातक कचरा म्हणून अधिकृत ठिकाणीच द्यायचा, २०१६ चे नियम आहेत. अवघड काही नाही, इच्छा पाहिजे.

आगरटाकळीकडे राहते. पावसाळ्यात प्लांटकडून जास्त वास येतो असं वाटतं. खरंय का? आणि या गाळाचा गॅस का करत नाहीत?

ताई, खरंय, भास नाही. तपोवन आणि आगरटाकळीचे मोठे प्लांट यूएएसबी पद्धतीचे आहेत, म्हणजे तिथे हवेशिवाय जगणारे जिवाणू टाकीच्या आतच गाळ खातात, गॅसही तिथेच होतो. जास्तीचा गाळ वाळूच्या बेडवर पसरायचा अशी यात मूळ रचना असते. एप्रिल-मेमध्ये असा फूटभर थर दहा-पंधरा दिवसांत तडकून फावड्याने उचलण्याइतका होतो, पण आपल्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की बेडचं डबकं होतं. मग गाळ टाकीतच अडवून ठेवायची वेळ येते किंवा अर्धवट ओला उचलावा लागतो, आणि वास दोन्हीकडून. उपाय माहितीतला आहे, सेंट्रीफ्यूज (गरगर फिरवून पाणी काढणारं यंत्र) किंवा प्रेस, बेडवर एकट्यावर भिस्त नको.

गॅसचं म्हणाल तर आपलं सांडपाणी पातळ असतं, त्यात बराचसा मिथेन पाण्यात विरघळून निघून जातो, आणि थंडीत पाणी गार झालं की जिवाणू पण सुस्तावतात, त्यांना ३५ अंशांच्या आसपास आवडतं. म्हणून विल्होळीला जर्मनीच्या मदतीने जो प्रकल्प झाला त्यात सार्वजनिक शौचालयांच्या मैल्यासोबत हॉटेलांचं उरलेलं अन्न घालून वीज करायची कल्पना होती. कल्पना एकदम बरोबर. अन्नात दम असतो, नुसत्या मैल्यात फारसा उरलेला नसतो.

अहमदाबादला गाळावर रेडिएशन मारतात म्हणे. मग तो गाळ किरणोत्सर्गी होत नाही का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

नाही होत. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने तिथे कोबाल्ट-६० चे गॅमा किरण वाळलेल्या गाळातून जातात, जंतू मरतात, गाळात किरणोत्सर्ग मागे उरत नाही. बडोद्यात तर गाळावर गॅमा किरण मारायचा प्रकल्प १९९२ मध्येच सुरू झाला. जड धातूंचं उत्तर मात्र रेडिएशनकडे पण नाही, वरचं अंबडचं उत्तर वाच.

मखमलाबादला बंगला आहे, ड्रेनेज लाइन नाही. सेप्टिक टँक बारा वर्षांत कधी भरलाच नाही. अजून थांबू का?

भरलाय तो, तुम्हाला दिसत नाहीये. तळाला गाळ साचत जातो, पाण्याला जागा कमी उरते आणि मैला तसाच शोषखड्ड्यात जातो, शेजारी बोअर असेल तर बघा मग. दोन-तीन वर्षांनी उपसायचा. पावडर-बिवडर टाकून गाळ गायब होत नाही. बारा वर्षांचा गाळ तळाला घट्ट झाला असेल, टँकरवाला म्हणेल माणूस उतरवतो, तर अजिबात नाही. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे आणि आतला गॅस जास्त असला की त्याचा वासच येईनासा होतो, माणूस सावध व्हायच्या आत पडतो. पाणी मारून, ढवळून, पाइपनेच ओढायला लावा. आणि पैसे द्यायच्या आधी टँकर कुठे रिकामा करणार ते विचारा. एसटीपी म्हणाला तर तिथली पावती मागा, उत्तर द्यायला चाचरला तर दुसरा टँकर बोलवा.