इंजिनिअर, युनियनवाला आणि उद्या मालक?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा बी.ई. इलेक्ट्रिकल. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत विजेचे पॅनेल (स्विच, ब्रेकर, मीटर बसवलेल्या पेट्या) बनवणाऱ्या एका कारखान्यात चार वर्षं टेस्टिंगला आहे, कायम नोकरीत, आणि तिथल्या युनियनचा सभासदही. आता नोकरी सोडून स्वतःचा शेड घ्यायचा म्हणतो. निवृत्त कामगार असलेल्या वडिलांचं म्हणणं, ‘इंजिनिअरला युनियन कसली, आणि युनियनवाल्याला कारखाना कसला?’ घरात अबोला आहे. आईनं विचारलंय, नोकरी सोडू द्यावी का?

ताई, सोडू द्या. पण आत्ता नाही, एका वर्षानं.

तुमच्या मिस्टरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. पदाच्या नावाला कायद्यात फारशी किंमत नाही, माणूस प्रत्यक्षात काय काम करतो ते बघतात. मेगर लावून वायरिंगचं इन्सुलेशन मोजणं, बिघाड ओळखणारे रिले तपासणं हे तांत्रिक काम आहे, त्यामुळे तो कामगारच ठरतो. तो मुख्यतः देखरेख करू लागला आणि पगार 18,000 च्या वर असला, तर औद्योगिक संबंध संहिता, 2020 प्रमाणे तो कामगार राहत नाही. व्यवस्थापकाच्या कामाला तर पगाराची अटही नाही. म्हणून बढतीचं पत्र आलं की ‘सीनिअर’ या शब्दावर खूश होण्याआधी रजा मंजूर करायचे अधिकार हातात आले का, ते वाचावं.

आता वर्षभर का थांबायचं? पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी मिळते. हिशोबाचं वेतन 26,000 धरलं, तर त्याला 26 नं भागून 15 नं गुणायचं, म्हणजे वर्षाचे 15,000, पाच वर्षांचे 75,000. पीएफही पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागतो. या वर्षात इलेक्ट्रिकल सुपरवायझरच्या परवान्यासाठी अर्ज करावा. स्वतःच्या शेडमध्ये पॅनेल बनवायला तो लागत नाही, पण ग्राहकाच्या जागी जोडणी करायची तर परवानाधारक कॉन्ट्रॅक्टर लागतो. परवाना नसला की ते काम दुसऱ्याला द्यावं लागतं आणि त्यातला नफाही त्याच्याच खिशात जातो.

तांत्रिक बाजूची मला काळजी नाही, तरी एक प्रश्न त्याला विचारून बघा. 100 किलोवॅटचा भार, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी किती खऱ्या कामी येते ते प्रमाण) 0.80 वरून 0.98 वर न्यायचा, तर कपॅसिटर किती? उत्तर साधारण 55 केव्हीएआर (कपॅसिटरची क्षमता या एककात मोजतात). इथवर सगळेच सांगतात. खरी चूक पुढे होते. कारखान्यात व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह, भरपूर असतील तर हार्मोनिक्समुळे (50 हर्ट्झच्या पटीतल्या नको असलेल्या लहरींमुळे) साधे कपॅसिटर फुगतात, म्हणून त्यांच्याबरोबर 7 टक्क्यांचा रिअॅक्टर, म्हणजे तारेचं वेटोळं, लावतात. त्यानं अनुनाद 189 हर्ट्झवर, म्हणजे पाचव्या हार्मोनिकच्या 250 च्या खाली येतो. पण त्याच रिअॅक्टरमुळे कपॅसिटरवरचा व्होल्टेज चढतो, 440 चा 473 होतो. तिथे 440 व्होल्टचाच कपॅसिटर बसवला की तो लवकर जातो आणि वॉरंटीचा खर्च पॅनेलवाल्याच्या बोकांडी बसतो. 525 चा घेतला तर 440 वर तो छापलेल्यापेक्षा कमी केव्हीएआर देतो, तेही हिशोबात धरावं लागतं.

इतकं येत असूनही शेड बंद पडतात, ते बहुधा उधारीपायी. समजा 6 लाखांची ऑर्डर आली. माल 4,20,000 चा, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4,95,600. ग्राहकानं 30 टक्के आगाऊ, 1,80,000 दिले. उरलेले 3,15,600 खिशातून. बिल फाडलं की ग्राहकानं पैसे दिलेले असोत वा नसोत, पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत आणखी 32,400 जीएसटी भरायचा (6 लाखांवरच्या 1,08,000 मधून मालावर दिलेले 75,600 वजा जाता). मजुरी आणि भाडं वेगळंच. एका ऑर्डरपायी साडेतीन लाख अडकतात, आणि नव्या गिऱ्हाइकाला स्विचगिअरचा (ब्रेकर, स्विच वगैरे मालाचा) डीलर सहसा उधार देत नाही. चार महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय राजीनामा नको.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, पहिला माल देण्याआधीच करावी. मग लेखी करार असला तरी ग्राहकाला 45 दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत, करार नसेल तर 15 दिवस. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. मोठ्या गिऱ्हाइकावर लहान माणूस हे कलम क्वचितच उगारतो, हेही खरं. पण पर्चेस ऑर्डरवर 45 दिवस छापून घेतले तर मागायला तोंड राहतं.

राहिला मिस्टरांचा दुसरा प्रश्न. नोकरी सुटली की तिथल्या युनियनमधला सक्रिय सभासद म्हणूनचा हक्कही संपतो. वर्गणी चुकती करून पावती घ्यावी आणि उठावं, त्यात गद्दारी कसली? उद्या त्याच्याकडे चार वायरमन असतील. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, दहा माणसांपासून लागू होतो, पण किमान वेतन पहिल्याच माणसापासून द्यावं लागतं. बाहेर जोडणीला माणसं पाठवली की कारखान्याच्या गेटवर त्यांच्या विम्याचा कागद मागतात, नसला तर माणसं आत सोडत नाहीत.

हजेरीपट, ओव्हरटाइमचा दुप्पट दर, नेमणूकपत्र, या गोष्टी इंजिनिअरिंगला शिकवत नाहीत, तुमच्या मिस्टरांना त्या तोंडपाठ असणार. पहिल्या वायरमनचं नेमणूकपत्र त्यांच्याकडूनच लिहून घ्यायला मुलाला सांगा.