बारावीनंतर एनडीएच्या तयारीसाठी वर्ष घेणाऱ्या पैलवान पोराने कुस्ती सोडावी का?

तुम्ही विचारलंय ते असं: धाकटा भाऊ अठरा वर्षांचा, बारावी सायन्स स्टेट बोर्डातून झालेला, उंची १७२ सेंमी, वजन ७४ किलो, शालेय कुस्तीत विभागापर्यंत गेलेला. दर्यापूरकडच्या गावात राहूनच वर्षभर एनडीएची, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी करायची, तर कुस्ती बंद करावी का आणि वर्ष कसं लावावं.

आखाडा चालू ठेवा, दंगली बंद करा. पोळ्याची, जत्रेची, इनामाची एकही कुस्ती या वर्षात नको. मातीत अनोळखी, जास्त वजनाच्या गड्याशी लढताना खांदा निखळला किंवा गुडघ्याचा लिगामेंट तुटला, तर मेडिकलमध्ये लेखी आणि मुलाखतीतले गुण कामाला येत नाहीत. वारंवार निखळणारा खांदा ऑपरेशन करूनही चालत नाही. हजार-दोन हजारांच्या इनामासाठी हा जुगार कशाला?

आता वजन, कारण त्याची खरी अडचण तिथेच आहे. यूपीएससीच्या अधिसूचनेत उंची-वजनाचा तक्ता असतो. १७ ते २० वयोगटात १७२ सेंमी उंचीला वरची मर्यादा साधारण ६५ किलो बसते. म्हणजे तुमचा भाऊ नऊ किलो जास्त आहे, आणि तक्त्याला ते स्नायू आहेत की चरबी हे कळत नाही. मात्र त्याच अधिसूचनेत कुस्ती, बॉक्सिंग आणि शरीरसौष्ठव करणाऱ्यांना एक सवलत आहे: राष्ट्रीय पातळीवर खेळल्याचा कागदोपत्री पुरावा असेल तरच तक्त्यापेक्षा जास्त वजन चालू शकतं. तुमचा भाऊ विभागापर्यंतच गेलेला, म्हणून ही सवलत धरून चालू नका. अटी अशा: बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २५ च्या आत, कंबर ९० सेंमीपेक्षा कमी, कंबर भागिले नितंब हे गुणोत्तर ०.९ च्या आत, आणि रक्ताच्या तपासण्या सगळ्या नॉर्मल. १७२ सेंमीला ७४ किलो म्हणजे बीएमआय बरोबर २५ च्या काठावर, किंचित वरच. ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीची अधिसूचना उघडून आकडे एकदा स्वतः पडताळा.

म्हणून लक्ष्य ६५ किलोचं ठेवा, ७० हा मधला टप्पा. ज्युनिअर फ्रीस्टाइलमध्ये ७० चा गट आहेच, आधी सराव त्या वजनावर होईल. ६५ चाही गट आहे आणि तिथे पोचला तर सवलतीची गरजच उरत नाही, पण भरलेल्या अंगाच्या पोराला घाईने ६५ वर आणलं तर ताकद जाते आणि अभ्यासात डोकं चालत नाही. म्हणून घाई नको. उतरवण्याचा वेग आठवड्याला अर्धा किलो. स्पर्धेच्या आधी पाणी तोडून, स्वेटर घालून पळून दोन दिवसांत तीन किलो काढायची जी सवय पैलवानांना असते ती इथे उलटी पडते: शरीर सुकलेलं असलं की लघवीच्या आणि किडनीच्या तपासणीत ते उमटतं.

जेवणात फार उलथापालथ नको. थंडाई, तूप आणि साखरेचं दूध कमी करा. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंडी, दही, मोड आलेली मटकी चालू ठेवा. शेंगदाणे मोजून, एक मूठ. पोट्टं बारीक दिसायला लागलं की आई तुपाची वाटी पुढं सरकवते, तेव्हा तक्ता आधी आईला दाखवा. पावडरचे डबे बंद. क्रिएटिन घेणाऱ्याचं क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं दिसू शकतं आणि मग डॉक्टरला समजावत बसावं लागतं.

कान. मार लागून कानात रक्त साचलं की ते दोन-तीन दिवसांत डॉक्टरकडून काढून दाबपट्टी बांधून घ्यायची. राहू दिलं तर कान कायमचा गड्डा होतो. आखाड्यात तो मान समजला जातो, पण कानाचं व्यंग हेल्मेट किंवा उपकरण घालण्याच्या आड येत असेल तर मेडिकल बोर्ड हरकत घेतो. सरावात इअरगार्ड लावायचा, कोणी हसलं तरी.

कातडी. मॅटवरून आणि एकमेकांच्या टॉवेलवरून नायटा येतो. मेडिकलवाल्याकडून आणलेल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. आठ दिवस बरं वाटतं, मग दुप्पट पसरतं. त्वचारोगतज्ज्ञाने दिलेलं औषध खाज थांबल्यावरही सांगितलेले आठवडे पूर्ण घ्यावं लागतं. लंगोट रोज धुऊन उन्हात वाळवायचा, सराव संपला की लगेच आंघोळ.

पळणं हा बहुतेक पैलवानांचा कच्चा भाग. सहा मिनिटांच्या कुस्तीला लागणारा दम वेगळा, सलग पळण्याचा वेगळा. पहिले तीन आठवडे चार दिवस वीस-वीस मिनिटं, बोलता येईल इतक्या हळू. त्यानंतर दर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढ नको, कारण ७४ किलोचं शरीर डांबरी रस्त्यावर एकदम पाच किलोमीटर नेलं की नडगी दुखायला लागते आणि हाडाला बारीक तडा गेला तर दोन महिने गेले. आपल्याकडची काळी माती पळायला वाईट: पावसाळ्यात चिकटते, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि घोटा मुरगळतो. मुरमाचा पांदण रस्ता किंवा शाळेचं मैदान बघा. मार्च ते जून पळणं सहाच्या आत संपलं पाहिजे. सहा महिन्यांत २.४ किलोमीटर अकरा मिनिटांच्या आत यावेत. सोबत चिनअप्स आणि दोर. कडुनिंबाच्या जाड फांदीला चार मीटर दोर बांधला तरी काम होतं. पैलवानाची पकड असल्याने हे त्याला लवकर जमेल. पोहणं मात्र शिकवणाऱ्या माणसासोबतच शिकावं, विहिरीत मित्रांच्या भरवशावर नाही. अकादमीत पोहणं सक्तीचं आहे.

लेखी परीक्षा एप्रिल आणि सप्टेंबर अशी वर्षातून दोनदा होते. गणित ३०० गुणांचं, १२० प्रश्न, अडीच तास. जीएटी, म्हणजे सामान्य क्षमता चाचणी, ६०० गुणांचं, १५० प्रश्न, अडीच तास. गणितात एका बरोबर उत्तराला २.५ आणि चुकीला ०.८३ वजा, जीएटीत ४ आणि १.३३ वजा. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नाही. आधी एक तपासा: त्याला बारावीला गणित होतं का? नुसतं बायोलॉजी घेतलेलं असेल तर तो फक्त आर्मी विंगसाठी पात्र आहे आणि गणिताचा पेपर तरीही तोच द्यायचा आहे. तसं असेल तर अभ्यासाच्या वेळातला निम्मा वेळ गणिताला.

जीएटीत इंग्रजीला २०० आणि बाकी सामान्य ज्ञानाला ४०० गुण. त्यात फिजिक्स सर्वांत जड, मग इतिहास आणि भूगोल. चालू घडामोडींवर दिवसाचे दोन तास घालवणारी मुलं मी बरीच पाहतो. त्याचं वजन साधारण दहा टक्के आहे. तेवढाच वेळ द्या.

वेळापत्रकात पैलवानाची एक खास खोड आडवी येते. सकाळी मेहनत, भरपूर जेवण, दुपारी झोप. परीक्षेत गणित सकाळी १० ते १२.३० आणि जीएटी दुपारच्या सत्रात असतं, म्हणजे दुसरा पेपर नेमका झोपेच्या वेळी. म्हणून जड सराव आठवड्यातून चारच दिवस, सकाळी दीड तास, साडेसातला संपवून हलका नाश्ता. गणित दहालाच बसून सोडवायचं. दुपारचं जेवण कमी, आणि दोन ते साडेचार इंग्रजी, फिजिक्स, इतिहास. झोप भरून काढायची असेल तर रात्री साडेनऊला अंथरुणावर. पहिला महिना दुपारी डुलक्या येतील, मग शरीर वळण घेतं. रविवारी जुनी पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, याच वेळांत.

येणारी सप्टेंबरची परीक्षा तयारी अर्धी असली तरी द्यायला लावा. नागपूरला केंद्र आहे. खरा नेम एप्रिलचा.

लेखी पास झालं की एसएसबी, म्हणजे सेवा निवड मंडळाची मुलाखत, पाच दिवसांची. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग, तिथूनच बरीच मुलं परत येतात. मानसशास्त्राच्या चाचण्यांत ६० शब्दांवर वाक्य लिहायला प्रत्येकी १५ सेकंद आणि ६० प्रसंगांत काय कराल ते लिहायला ३० मिनिटं मिळतात. इथे इंग्रजी लिहिण्याचा वेग लागतो, म्हणून रोज दोन पानं हाताने लिहायची. मैदानावरच्या गटकामात पैलवान पोरं एक चूक हमखास करतात: फळी आणि ओंडका एकट्याने उचलतात आणि तोंड उघडत नाहीत. तिथे ताकदीला गुण नाहीत; दुसऱ्याची कल्पना ऐकून गटाला पुढे नेता येतं का हे बघतात. मुलाखतीत छंद म्हणून कुस्ती सांगितली की प्रश्न खोलात जातात. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, दहा गुणांच्या फरकाने कुस्ती कशी संपते, टेकडाउनला (समोरच्याला खाली आणण्याला) किती गुण, १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांचं कांस्य, २०२४ ला पॅरिसमध्ये ५७ किलोत अमन सेहरावतचं कांस्य, हे कुस्ती न कळणाऱ्या माणसाला इंग्रजीत समजावता आलं पाहिजे. स्वतःचे दोन डावही.

छत्रपती संभाजीनगरची एसपीआय ही एनडीएची तयारी करून घेणारी शासकीय संस्था लोक सुचवतील, पण तिथे प्रवेश दहावीनंतर होतो. भावाला आता उपयोग नाही. त्याऐवजी जवळच्या कॉलेजात पदवीच्या पहिल्या वर्षाला नाव घालून एनसीसी घ्या. वयाची मर्यादा कोर्स सुरू होताना साडेएकोणीस आहे, त्यामुळे त्याच्या हाती फार संधी नाहीत, आणि पदवी असली की पुढे सीडीएसचा, म्हणजे पदवीधरांसाठीच्या लष्करी अधिकारी परीक्षेचा, रस्ता राहतो.

कुस्तीची प्रमाणपत्रं आत्ताच गोळा करा. आडनाव, जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळली पाहिजे. नसेल तर संघटनेकडून दुरुस्त करून घ्यायला महिने लागतात. मूळ प्रती मेडिकलला सोबत न्यायच्या, कारण राष्ट्रीय पातळीचा कागद असेल तर वजनाची सवलत त्यावरच मिळते. एसएसबीला निघण्याच्या चार-पाच दिवस आधीपासून जोर-बैठका आणि लढत पूर्ण बंद ठेवा: जड मेहनतीनंतर लघवीत प्रथिनं किंवा रक्त दिसू शकतं आणि यकृताचे आकडेही वाढलेले येतात. तरीही टेम्पररी अनफिट ठरवलं, तर तिथेच अपील मेडिकल बोर्डाची नोंद करायची आणि ४२ दिवसांच्या आत सांगितलेल्या लष्करी रुग्णालयात हजर व्हायचं. वजनाच्या कारणासाठी तेवढ्या मुदतीत दोन-अडीच किलो नीट उतरतात.