मराठी नीट दिसतं, इमोजीचीच प्रश्नचिन्हं का होतात?

प्रश्न : ताई, फोनवर इमोजी पटकन सापडतात पण लॅपटॉपवर कुठून आणायचे तेच कळत नाही, म्हणून मी त्यांची चित्रं डाउनलोड करून वेबपेजवर टाकते, तर ती ओळीत कधी भलतीच मोठी कधी बारीक दिसतात. थेट पेस्ट केले तर सेव्ह केल्यावर नुसती प्रश्नचिन्हं. आणि कुटुंबाचा इमोजी मैत्रिणीच्या जुन्या फोनवर तीन सुटी डोकी होऊन गेला!

उत्तर : अहो, चित्रं कशाला गोळा करताय, इमोजी हे अक्षरच आहे, आपल्या 'क'सारखं, युनिकोडने, म्हणजे जगभरातल्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीने, नंबर दिलेलं. विंडोजवर विंडोजची की धरून टिंब दाबा, मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस एकदम, म्हणजे इमोजींचं पॅनल उघडतं, त्यात नाव टाकून शोधायचं. अक्षर असल्यामुळे फॉन्टचा साइज बदलला की तेही आपसूक लहानमोठं होतं.

आता प्रश्नचिन्हं. मला वाटतं तुमचा डेटाबेस, म्हणजे वेबपेजचा मजकूर जिथे सेव्ह होतो तो साठा, मायएसक्यूएल नावाचा असणार, कारण हा त्याचा जुना घोळ आहे. यूटीएफ-८ मध्ये (ही अक्षरं साठवायची पद्धत) मराठी अक्षराला ३ बाइट लागतात आणि 😀 ला ४, पण मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८' नावाने जे मिळायचं ते ३ बाइटच्या वर जायचंच नाही, म्हणजे मराठी झकास दिसतं, आपण म्हणतो सेटिंग बरोबर आहे, आणि इमोजी तेवढा मरतो. डेटाबेसमधलं टेबल आणि वेबपेजचं त्याच्याशी असलेलं कनेक्शन, दोन्हीकडे 'यूटीएफ८एमबी४' (utf8mb4) करून घ्या (नुसतं टेबल बदलून लोक तासभर डोकं धरून बसतात, मीही बसलेय). आधीचे गेलेले परत येत नाहीत, ते पुन्हा टाकावे लागतील.

प्रश्नचिन्हाऐवजी रिकामा चौकोन दिसला तर मात्र तुमची चूक नाही, अक्षर शाबूत आहे, समोरच्याच्या फोनच्या फॉन्टमध्ये ते चित्र नाही एवढंच.

सुट्या डोक्यांचंही तसंच. कुटुंबाचा इमोजी म्हणजे आई, बाबा, मूल असे वेगवेगळे इमोजी, मध्ये न दिसणाऱ्या जोडचिन्हाने चिकटवलेले, त्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. फोनला ती जोडी माहीत नसली की सगळे सुटे. गंमत म्हणजे 'दुसर्‍या' मधला तो आडवा अर्धा र बरेच जण ह्याच जॉइनरने टाइप करतात, त्यामुळे मराठी मजकुरातली न दिसणारी चिन्हं साफ करायला कुणी टूल दिलं तर आधी एका परिच्छेदावर चालवून बघा, नाहीतर कुटुंबाबरोबर 'दुसर्‍या'चा 'दुसर्या' होऊन बसेल.