मेन्स्ट्रुअल (पाळीच्या) कपला वास येतोय? आधी भोकं बघ

अगं घाबरू नकोस, कप फेकायची गरज नाही. वास बहुतेक वेळा त्या कडेखालच्या बारीक भोकांतूनच येतो, तिथे रक्त अडकून सुकतं आणि वरवर धुतलं की निघतच नाही. कप पाण्याने गच्च भर, तळहाताने तोंड दाबून धर आणि पिळ, भोकांतून पिचकाऱ्या उडतील (बेसिनमध्येच कर हं!), तरी नाही निघालं तर मऊ ब्रश. आणि धुताना आधी गारच पाणी, गरम पाण्याने डाग आणि वास दोन्ही बसतात. मग बिनवासाचा साधा साबण. पाळी संपली की भरपूर पाण्यात ५ ते १० मिनिटं उकळ, तळाला चिकटू देऊ नकोस, आणि पूर्ण वाळवून कापडी पिशवीत ठेव, हवाबंद डब्यात ठेवलास तर पुन्हा कुबट वास येणारच. ब्लीच, डेटॉल, सेंटेड काही नको, सिलिकॉन खराब होतं आणि आतली त्वचा चुरचुरते ते वेगळंच. १२ तासांपेक्षा जास्त आत ठेवू नकोस. नुसता पिवळटपणा चालतो, पण कप चिकट किंवा खरखरीत लागला तर नवा घे. आणि कप स्वच्छ असूनही माशासारखा वास, खाज असेल तर सरळ डॉक्टरला दाखव.