मुलगी मोबाइलवर वाचते ते वाचन का, आणि कर्णानंतर काय वाचू?

मागच्या अंकात विचारलं होतं की नुकतंच काय वाचून संपवलंत आणि ते कोणाच्या हातात द्याल. पत्रं, मेसेज भरपूर आले, सातपूर, पंचवटी, देवळाली, नाशिकरोड सगळीकडनं, आणि पुस्तकांच्या जोडीने यावेळी फॅनफिक्शनचे प्रश्नही आलेत, म्हणजे आवडत्या पुस्तकातली नाहीतर सिनेमातली माणसं घेऊन चाहत्यांनी स्वतः लिहिलेल्या गोष्टी. त्यामुळे आज त्यालाच जास्त जागा देतीये.

ताई, माझी मुलगी अकरावीला आहे. रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर वाचत बसते, विचारलं की म्हणते "फिक वाचतीये". माणसं हॅरी पॉटरचीच, पण गोष्टी कोणीतरी भलत्यांनीच लिहिलेल्या. घरात मराठी पुस्तकांचं कपाट भरलंय, त्याला हात लावत नाही. याला वाचन म्हणायचं का? आणि तिच्या वयाला ते बरं आहे की नाही हे मला कळणार कसं?
— एक आई, इंदिरानगर

वाचनच आहे हो ते, अगदी नक्की. फिक म्हणजे फॅनफिक्शनच, आणि यातल्या काही फिक लाख-दीड लाख शब्दांच्या असतात, म्हणजे चांगली जाडजूड कादंबरी झाली, आणि मुलं ती सलग वाचतात, एवढंच की ती कपाटात दिसत नाही म्हणून आपल्याला मोजता येत नाही.

दुसऱ्याची पात्रं घेऊन लिहिणं म्हणजे काहीतरी हलकं असं आपल्या मनात असतं, तर जरा आपल्याच गावाकडे बघा. आपल्या तात्यासाहेब शिरवाडकरांनी 'कौंतेय' लिहिलं, 'ययाति आणि देवयानी' लिहिलं. वसंत कानेटकर इथेच प्राध्यापक होते, त्यांचं 'मत्स्यगंधा'. सगळी माणसं महाभारतातली. महाभारतात कच संजीवनी विद्या आणि देवयानीचा शाप दोन्ही घेऊन स्वर्गात निघून जातो आणि आपल्यापुरता तो तिथेच संपतो, पण खांडेकरांना तो सोडवला नाही, त्यांनी 'ययाति'त त्याला परत आणला, मोठा केला, आणि खांडेकरांना १९७४चं ज्ञानपीठ मिळालं. आणखी मागे जायचं तर शकुंतलेची अंगठी आणि दुर्वासांचा शाप, हे दोन्ही महाभारतातल्या मूळ गोष्टीत नाहीच, ते कालिदासाच्या नाटकातलं. गोष्ट संपली तरी माणूस मनातनं जात नाही, मग त्याचं पुढे काय झालं, त्याच्या बाजूने काय होतं, हे कोणीतरी लिहायला बसतं. तुमची मुलगी जे वाचतीये त्याच्या मुळाशी हीच ओढ आहे. सगळंच कालिदासाच्या तोडीचं असतं असं मी म्हणत नाही, बरंचसं कच्चं असतं, पण काही फार सुंदर असतं, आणि त्यातनं चांगलं निवडायला ती आपोआप शिकते.

आता वयाचं. ती बहुतेक आर्काइव्ह ऑफ अवर ओन नावाच्या साइटवर वाचत असेल, पोरं तिला एओथ्री म्हणतात. २००९पासून सुरू आहे, ना-नफा तत्त्वावर स्वयंसेवक चालवतात, जाहिराती नाहीत, लिहिणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, आणि २०१९ला त्या साइटला विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कारही मिळालाय. तिथे प्रत्येक गोष्टीच्या डोक्यावर एक चौकट असते, ती एकदा तिच्याबरोबर बसून नीट बघा. सगळ्यात वर रेटिंग, म्हणजे सगळ्यांसाठी, तेराच्या वरच्यांसाठी, प्रौढांसाठी आणि अगदी उघड वर्णनाचं. त्याखाली धोक्याच्या सूचना, हिंसा आहे का, मुख्य पात्र मरतं का वगैरे. मग कुठल्या मूळ पुस्तकातलं, कोणाकोणाची जोडी, मग टॅग, म्हणजे गोष्टीत काय काय आहे ते सांगणारे शब्द, ते कधीकधी दहा-पंधरा ओळी चालतात, मग शब्दसंख्या. प्रकरणांच्या जागी कधी ७/? असं दिसतं, म्हणजे सात प्रकरणं आलीत आणि एकूण किती होणार ते अजून ठरलेलं नाही. ते प्रश्नचिन्ह बघून वाचायला घ्यायचं की थांबायचं हे पोरं ठरवतात. इतकी माहिती आपल्या छापील पुस्तकाच्या मलपृष्ठावर कधी मिळते का सांगा! पण एक, प्रौढांचं पान उघडताना साइट फक्त विचारते, पुढे जायचं का, वय कोणी तपासत नाही, म्हणून मोबाइल काढून घेण्यापेक्षा हे रेटिंग काय असतं, तू कुठलं वाचतेस, असं तिच्याशी सरळ बोला. एवढं वाचणाऱ्या मुलीशी बोलता येतं.

आणि अदलाबदल करा. तिला म्हणा, तुझ्या आवडीची एक फिक मला दे, पूर्ण झालेली, दहा हजार शब्दांच्या आतली, मी वाचते, आणि मी देते ते तू वाच. तुम्ही शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' द्या, पण कर्णापासून सुरुवात कर असं म्हणू नका, थेट कर्णाच्या बायकोचा, वृषालीचा भाग काढून द्या. फिक वाचणाऱ्या मुलांना हे लगेच भिडतं, तीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून. फक्त तिने दिलेलं तुम्ही खरंच वाचा, नुसतं चाळून "छान आहे" म्हणालात तर तिला कळणार, आणि मग पुढच्या वेळी ती देणार नाही.

मी सातपूरला एमआयडीसीत आहे, नाइटला ब्रेकमध्ये वाचतो. मृत्युंजय तिसऱ्यांदा संपवलं आणि आता दुसरं काही लागतच नाही, कर्णच डोक्यात. कर्णावरचं अजून काय वाचू?
— एक वाचक, सातपूर

सगळे तुम्हाला 'राधेय' सांगतील, रणजित देसाईंचं, आणि ते सुंदर आहेच, पण माझं ऐका, ते लगेच घेऊ नका. दोन्हींचा ओलावा एका जातीचा आहे, पाठोपाठ वाचलं की एकमेकांत मिसळतं आणि दोघांवरही अन्याय होतो. आधी इरावती कर्व्यांचं 'युगान्त' घ्या, महाभारतातल्या माणसांवरचे लेख. १९६७चं, 'मृत्युंजय'ही त्याच वर्षीचं, एकाच वर्षात मराठीत कर्णाकडे बघायच्या दोन इतक्या वेगळ्या नजरा आल्या. इरावतीबाई कर्णाला सूट देत नाहीत. तुम्हाला राग येईल, पुस्तक खाली ठेवावंसं वाटेल, तरी कर्णावरचा तो लेख पूर्ण करा, कारण घोषयात्रेत, म्हणजे गाईगुरं बघायच्या निमित्ताने कौरव वनात जातात तेव्हा, गंधर्वांसमोर कर्ण दुर्योधनाला सोडून पळतो हे महाभारतातच आहे आणि कर्णावर प्रेम करायचं तर ते धरून करायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मग भासाचं 'कर्णभार', मूळ संस्कृत, अनुवाद मिळाला तर बघा, एवढंसं आहे, एका ब्रेकमध्ये होईल. महाभारतात इंद्र कवचकुंडलं मागायला येतो तो वनपर्वात, युद्धाच्या कितीतरी आधी. भासाने तो प्रसंग उचलून थेट रणांगणाच्या वाटेवर ठेवलाय, शल्य रथावर, कर्ण लढायला निघालाय आणि तेवढ्यात तो ब्राह्मण दारात यावा तसा समोर येतो. एक प्रसंग जागेवरून हलवला आणि सगळ्या नाटकाचं वजन बदललं, मी तर दरवेळी तिथे थांबते.

त्यानंतर भैरप्पांचं 'पर्व', मूळ कन्नड १९७९चं, उमा कुलकर्णींनी मराठीत आणलंय. सुरुवात म्हाताऱ्या शल्याच्या घरापासून, चमत्कार नाहीत, शाप-वरदानं नाहीत, नुसती थकलेली माणसं. जाड आहे, नाइटला नका घेऊ, सुट्टीला घ्या. 'राधेय' सगळ्यात शेवटी.

नमस्कार ताई, वय ७४, डोळ्यांचा त्रास, बारीक टाइप जमत नाही. वाचन सुटतंय की काय असं वाटतं.
— एक आजोबा, देवळाली कॅम्प

काका, सुटू देऊ नका. नातवंडांकडून फोनमध्ये स्टोरीटेल घालून घ्या, मराठी पुस्तकं ऐकायला भरपूर आहेत. आणि ई-बुकमध्ये अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, एका पानावर पाचच ओळी आल्या तरी चालतं. ऐकणं हेही वाचनच धरा, त्यात कमीपणा अजिबात नाही.

ताई मी फास्टर फेणेवर फॅनफिक्शन लिहितोय, मराठीत, तो नाशिकला येतो असं. मित्र म्हणतात पुस्तक काढ. काढू शकतो का? आणि काही टिप्स द्या ना प्लीज.
— एक विद्यार्थी, पंचवटी

अरे वा, मराठीत लिहितोयस याचा फार आनंद झाला, मराठीत फॅनफिक्शन अजून हवीये. आधी कायदा. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. फास्टर फेणेचे लेखक भा. रा. भागवत २००१ला गेले, म्हणजे २०६१ संपेपर्यंत बनेश फेणे हक्काखाली आहे. त्यामुळे विकायचं पुस्तक काढायचं तर आधी हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी, त्याला पर्याय नाही. मित्रांना वाचायला देतोस तोवर कोणी मागे लागेल असं वाटत नाही, तरी वर मूळ लेखकाचं नाव ठळक लिही. पूर्ण मोकळं मैदान हवं असेल तर शेरलॉक होम्स घे, तो आपल्याकडे कधीच मुक्त झालाय. रामायण-महाभारत तर आहेच, पण तिथेही मूळ कथा घ्यायची, एखाद्या आजच्या कादंबरीतले प्रसंग, संवाद उचलायचे नाहीत, ते त्या लेखकाचे.

आता टिप्स. फास्टर फेणेचे चाहते फार बारीक बघतात. फुरसुंगी, सायकल, "ट्टॉक", हे सगळं जागच्या जागी पाहिजे, पण दर पानावर ट्टॉक नको. आणि नाशिकला आणतोयस तर नुसतं रामकुंड, पांडवलेणी, काळाराम अशी यादी फिरवून आणू नकोस, ते सहलीचं पत्रक होतं. एकच जागा धर आणि तिचं काम गोष्टीत असू दे. मी तुला दुतोंड्या मारुती देते, गोदावरीच्या पात्रातली ती उंच मूर्ती. पावसाळ्यात गंगापूर धरणातनं पाणी सोडलं की सगळं गाव एकच विचारतं, मारुतीला कुठवर आलंय? गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला लागलं, की पुढचं बोलायची गरजच नाही. आता समज, कोणीतरी बन्याला ठासून सांगतोय की मी काल संध्याकाळी पाच वाजता मारुतीच्या पायाशी उभा होतो, आणि बन्याने स्वतः तेव्हा पुलावरून छातीपर्यंत पाणी बघितलंय. खोटं पकडलं! हे नाशिककराला एका ओळीत कळेल, आणि बाहेरच्याला दोन ओळींत समजावून सांग. पूर्ण झालं की मला पाठव, मी वाचणार.

आमचा कॉलेज रोडवरच्या मैत्रिणींचा ग्रुप आहे, दर महिन्याला भेटतो, प्रत्येकजण चार-पाच पुस्तकं सुचवते, याद्या होतात, वाचत कोणीच नाही. काय करावं?
— पाचजणी

याद्या बंद करा. एकीने एकच पुस्तक आणायचं, हातात, नुसतं नाव सांगायचं नाही. त्यातलं एक पान मोठ्याने वाचायचं, सुरुवातीचंच असं नाही, जिथे तुम्ही स्वतः अडकलात ते. आणि हे कोणाला आवडणार नाही तेही सांगायचं, म्हणजे "तुला संथ आवडत नाही ना, मग तू घेऊ नकोस". असं सांगणाऱ्या मैत्रिणीवर विश्वास बसतो. जिला हवं तिने तिथल्या तिथे घरी न्यायचं. पहिल्या महिन्याला विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' घ्या, १९३९चं, छोटंसं, युरोपातून निघालेल्या बोटीवर एक मराठी तरुण आणि हॅर्टा नावाची ज्यू मुलगी. दोन बैठकांत होतं, त्यामुळे वेळ नव्हता ही सबब चालणार नाही. आणि वाचून झाल्यावर एकीने हॅर्टाच्या बाजूने दोन पानं लिहून आणा, मग बघा गप्पा कशा रंगतात.

ताई, तुम्ही सगळ्यांना सांगता, तुम्ही सध्या काय वाचताय?
— नाशिकरोडहून

बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' पुन्हा काढलंय, १९६३चा कथासंग्रह. बागुल आपल्या विहितगावचे, तुमच्या नाशिकरोडला अगदी लागून, तरी आपल्यातल्या कितीजणांनी वाचलंय? शीर्षककथा नोकरीच्या गावी जात लपवून राहणाऱ्या तरुणाची आहे, अंगावर येते, झोपायच्या आधी नका वाचू. दिवसा वाचा, आणि मला लिहा.