बी.ई. झालंय, अनुभव आहे, पण ऑफर नाही. जर्मनीला चान्सनकार्टवर (तिथे जाऊन नोकरी शोधण्याचा परवाना) जावं की ब्लू कार्डवर (नोकरी हातात असलेल्या पदवीधरांचा परवाना)?

इथूनच नोकरी शोधून ब्लू कार्डवर जा. जर्मन सरकारच्या 'मेक इट इन जर्मनी' संकेतस्थळावरच्या अटी वाचल्या की फरक दिसतो: ब्लू कार्डवर 27 महिन्यांनी, बी1 म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन येत असेल तर 21 महिन्यांतच, कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. जून 2024 पासून सुरू झालेलं चान्सनकार्ट जास्तीत जास्त वर्षभराचं. त्यावर आठवड्याला 20 तास काम, आणि राहण्याखाण्याचे पैसे आधीच दाखवायचे. मात्र जर्मन बऱ्यापैकी येत असेल आणि वर्षभर पुरेल एवढी शिल्लक असेल, तर चान्सनकार्टही चालेल. त्याआधी तुमचं विद्यापीठ आणि पदवी 'अनाबिन'वर (परदेशी पदव्यांची जर्मनीतली मान्यता दाखवणारी यादी) तपासा.