कारखाना उठला, जमिनीत काय उरले?

ट्रेंटन, जर्सी सिटी, नेवार्क ही न्यू जर्सीतील जुनी कारखानदारीची शहरे. तिथल्या आणि आसपासच्या मराठी वाचकांनी ओसाड औद्योगिक जागांच्या तपासणीसाठी मिळणाऱ्या सरकारी अनुदानाविषयी प्रश्न पाठवले आहेत; एक प्रश्न ठाण्याहूनही आला आहे.

प्रश्न : आमच्या शहराला दूषित जमिनींच्या तपासणीसाठी फेडरल सरकारकडून पाच लाख डॉलर मंजूर झाले आहेत. घरामागचा बंद कारखाना आता साफ होणार का?

उत्तर : या पैशातून होणार नाही. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, ब्राउनफील्ड (प्रदूषणामुळे किंवा त्याच्या संशयामुळे पडून असलेल्या जागा) कार्यक्रमात तपासणीचे अनुदान वेगळे असते आणि सफाईचे वेगळे. तपासणीच्या अनुदानातून संशयित जागांची यादी करणे, त्या तपासणे, सफाईचा आराखडा आखणे आणि रहिवाशांशी बोलणे एवढेच करता येते. दूषित माती उचलण्यासाठी त्यातला एक डॉलरही वापरता येत नाही. शिवाय ही रक्कम बहुधा अनेक जागांमध्ये वाटली जाते, त्यामुळे तुमच्या घरामागची जागा यादीत आहे की नाही हे नगर प्रशासनाला आजच विचारा. यादी ठरत असतानाच रहिवाशांच्या शब्दाला सर्वाधिक वजन असते.

प्रश्न : मग नुसत्या तपासणीवर एवढा पैसा कशासाठी? तो थेट सफाईलाच का देत नाहीत?

उत्तर : कारण अशा जागा पडून राहतात त्या अनेकदा घाणीपेक्षा घाणीच्या संशयामुळे. 1980 च्या सुपरफंड कायद्यानुसार, प्रदूषण आधीच्या मालकाने केलेले असले तरी सफाईचा खर्च सध्याच्या मालकावर येऊ शकतो. जमिनीखाली काय आहे हेच माहीत नसेल, तर असा धोका कोण पत्करील? बँक कर्ज देत नाही, खरेदीदार फिरकत नाही आणि कुंपणाआड झाडी वाढत राहते. 2002 च्या दुरुस्तीने, खरेदीपूर्वी रीतसर चौकशी करणाऱ्या आणि नंतर आवश्यक ती काळजी घेणाऱ्या खरेदीदाराला संरक्षण दिले. तेव्हापासून तपासणीच्या अहवालाला खरी किंमत आली.

तपासणीचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात मातीला हातही लावत नाहीत; जुने दस्तऐवज, परवाने आणि हवाई छायाचित्रे पाहतात, जागेवर फिरतात आणि जुन्या कामगारांना भेटतात. सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे इथे फार मोलाचे ठरतात. ते आगीच्या विम्यासाठी काढलेले असल्यामुळे बॉयलर कुठे होता, तेलाची टाकी कुठे होती, रंगकाम कोणत्या खोलीत चाले, हे त्यांत नोंदलेले असते. या टप्प्याला साधारण काही हजार डॉलर लागतात. संशय पक्का झाला तर दुसऱ्या टप्प्यात बोअर घेऊन माती आणि भूजलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवतात. हा खर्च कैक पटींनी जास्त असतो.

पहिला टप्पा मन लावून का करायचा, हे जर्सी सिटीने शिकवले आहे. हे शहर ज्या हडसन काउंटीत येते, तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून 1976 पर्यंत क्रोमियमच्या खनिजावर प्रक्रिया करणारे तीन कारखाने चालत होते. त्यांचा उरलेला गाळ मातीसारखा दिसे आणि सहज मिळे, म्हणून तो सखल जागा भरायला आणि बांधकामाखाली भराव म्हणून वापरला गेला. त्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम होते, जे श्वासावाटे गेल्यास कर्करोगाला कारण ठरते. पुढे तळघरांच्या भिंतींवर पिवळट-हिरवे क्षार फुटू लागले आणि असा भराव पडलेल्या सुमारे 200 जागा निघाल्या. तेव्हा कारखान्याच्या भिंतीपाशी थांबणारी तपासणी अर्धवटच म्हणायची.

प्रश्न : मला एक दुकान विकत घ्यायचे आहे. तिथे पूर्वी ड्रायक्लीनिंग चाले. हे अनुदान मला मिळेल का?

उत्तर : थेट मिळणार नाही. ते स्थानिक आणि राज्य शासने, आदिवासी शासने, ना-नफा संस्था अशांनाच मिळते. मात्र शहराकडे अनुदान असेल आणि सध्याच्या मालकाने जागेत येण्याची परवानगी दिली, तर ते दुकान यादीत घालण्याची विनंती करता येते. ते जमले नाही तरी पदरच्या खर्चाने चौकशी करूनच व्यवहार करा. ही चौकशी खरेदीआधीच्या एका वर्षातली असावी लागते आणि तिचे काही भाग शेवटच्या 180 दिवसांतले असावे लागतात. व्यवहारानंतर केलेली चौकशी संरक्षणाच्या कामाची नाही. ड्रायक्लीनिंगमधील पर्क हे द्रावक जमिनीत खोल उतरते आणि त्याची वाफ इमारतीत शिरू शकते, म्हणून फरशीखालच्या हवेचाही नमुना घ्यायला सांगा.

प्रश्न : भारतात अशी काही व्यवस्था आहे का?

उत्तर : केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, आणि दूषितीकरण करणाऱ्याला शोधून खर्च त्याच्याकडून वसूल करायचा. यादीची सुरुवात जिल्ह्यातून होते, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुमच्या भागातील बंद कारखान्यात काय बनत होते आणि त्याचा कचरा कुठे टाकला जात होता, हे आठवणारे कामगार अजून हयात असतील, तर त्यांच्याकडून ते ठिकाणासह लिहून घ्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयात पोच घेऊन द्या.